शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि आपलं ताट

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शेंगदाणा टाळायचा म्हणजे अर्धा स्वयंपाक तपासायचा. भाकरीसोबतची शेंगा चटणी आणि सणाची शेंगा पोळी दिसते तरी. अडचण असते ती न दिसणाऱ्या कुटाची. भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, आमटीच्या वाटणात तो सहज जातो आणि वाढणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही.

म्हणून जेवणावळीत "तिखट आहे का?" विचारतो तसं "कूट घातलंय का?" असं नेमकं विचारा. आचारी कन्नड बोलणारा असेल तर "इदराग शेंगा ऐतेन्री?" पुरे. घाण्याच्या तेलात दाण्यातली प्रथिनं उरू शकतात, तेव्हा तळण कशातलं हेही विचारा. गोकाकचं करदंट सुक्या मेव्याचं, त्यामुळे काजू-बदाम सोसत नसतील तर त्याला लांबूनच नमस्कार. बेळगावचा कुंदा तर दुधाचाच, दूध सोसत नसेल तर तोही नको.

गव्हाचा त्रास असणाऱ्यांनी हिंगाची डबी उलटून वाचावी. बांधानी हिंगात, म्हणजे पीठ-डिंक मिसळलेल्या हिंगात, बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं! पाकिटावर केसीन किंवा व्हे लिहिलं असेल तर ते दूधच समजा. देशातल्या पाकीटबंद मालावर गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोया यांचा उल्लेख बंधनकारक आहे. सुट्या फरसाणावर मात्र काहीच छापलेलं नसतं.

ओठ सुजले, घसा आवळला, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.