प्राचीन संस्कृतींची निवड: ख्रिस्ती गृहशिक्षणात या चुका टाळा

जूनमध्ये वर्षाचे वेळापत्रक आखताना कागदावर अकरा संस्कृती सहज मावतात आणि दिवाळी आली तरी मुले मिसरातच (इजिप्तमध्येच) अडकलेली असतात. आमच्या घरी पहिल्या वर्षी नेमके हेच झाले. नाईलचा पूर झाला, ममी झाल्या, मुलीने पुठ्ठ्याचा तिसरा पिरॅमिड करायला घेतला आणि अश्शूर (असिरिया), बाबेल (बॅबिलॉन) व पारस (पर्शिया) या तिघांच्या वाट्याला मिळून सहा आठवडे उरले. त्यानंतर गृहशिक्षण देणाऱ्या इतर ख्रिस्ती कुटुंबांशी बोलताना लक्षात आले की चूक मुलांच्या वेगात नसते, ती निवडीत असते.

आपण वापरतो ती बहुतेक पुस्तके अमेरिकेत तयार झालेली आहेत. त्यांत इतिहासाचे चार वर्षांचे चक्र असते, पहिले वर्ष प्राचीन काळाचे असते आणि त्या एका वर्षात चीनपासून मेक्सिकोपर्यंत सगळ्यांना स्पर्श झालाच पाहिजे असा लेखकाचा आग्रह असतो. छत्तीस आठवडे आणि आठवड्याला तीन पाठ धरले तर 108 पाठ होतात. ते अकरा संस्कृतींत वाटले की प्रत्येकीला दहासुद्धा मिळत नाहीत, आणि फारोंचा इतिहास तर एकटाच सुमारे तीन हजार वर्षांचा आहे. म्हणून ज्यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध आला अशाच संस्कृती निवडाव्यात, असे माझे मत आहे. मेसोपोटेमिया, मिसर, अश्शूर, पारस आणि सिंधू यांची गुंफण इस्राएलाच्या कथेभोवती आणि परस्परांशी नीट होते. ग्रीस आणि रोम नव्या कराराबरोबर पुढच्या वर्षी घेता येतात. आजच्या तुर्कस्तानातले हित्ती आणि सोर-सीदोनचे फिनिशियन यांना एकेक आठवडा पुरतो, तर चीनचे शांग आणि मेक्सिकोचे ओल्मेक काळपट्टीवर चिठ्ठी लावून ठेवले तरी या वर्षी बिघडत नाही.

एकाच माणसाची दोन नावे

ही अडचण मराठी घरांतच येते आणि कोणतेही परदेशी पुस्तक तिच्याबद्दल सावध करत नाही. माझी मुलगी सकाळी एज्राच्या पुस्तकात कोरेश राजाबद्दल वाचत होती आणि दुपारी इतिहासाच्या पुस्तकात सायरसबद्दल, पण हे दोघे एकच आहेत हे तिला दोन महिने उमगले नव्हते. आपल्या पवित्र शास्त्रातला अश्शूर म्हणजे इंग्रजी पुस्तकातला असिरिया, मिसर म्हणजे इजिप्त, सोर म्हणजे टायर आणि अहश्वेरोश म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते ग्रीकांशी लढलेला झर्कसिस. वर्ष सुरू होण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांत अशी यादी करून घ्यावी आणि ती मुलांनीच वाढवत न्यावी. एस्तेरच्या पहिल्याच वचनात अहश्वेरोशाचे राज्य हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत (मिसरच्या दक्षिणेला, आजच्या सुदानकडे) पसरले होते असे आहे. तेथे मूळ हिब्रू शब्द होद्दू आहे आणि पारसच्या शिलालेखांत त्याच प्रदेशाला हिंदुश म्हटले आहे, हे सांगितल्यावर पारस हा विषय मुलांना परका वाटत नाही.

फक्त खलनायक म्हणून ओळख

दुसरी चूक म्हणजे शास्त्रात येतात तेवढीच राष्ट्रे घेणे आणि तीही केवळ इस्राएलाला छळणारी म्हणून शिकवणे. मिसर म्हणजे फक्त मोशेसमोरचा हट्टी फारो नव्हे. दुष्काळात याकोबाच्या घराण्याला आणि पुढे हेरोदापासून पळालेल्या बाळ येशूला आसरा मिळाला तोही याच देशात. अश्शूरची क्रूरता लपवण्याचे कारण नाही, परंतु तिची साक्ष अश्शूरच्याच तोंडून ऐकवावी. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इसवी सनपूर्व 701 मध्ये यहूदाचे लाखीश शहर घेतले, ही हकिगत 2 राजे 18 मध्ये ओझरती येते. निनवेच्या राजवाड्यातील भिंतींवर मात्र त्याने हा विजय दगडात तपशीलवार कोरून घेतला आणि ते शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे छायाचित्र मुलांपुढे ठेवा आणि काही न बोलता पाहू द्या. तटाला लावलेले चढाईचे उतार, सिंहासनावर बसलेला राजा आणि बैलगाडीत सामानावर बसून शहर सोडून चाललेली बायका-मुले त्यात दिसतात. ती गाडी पाहून माझी मुलगी बराच वेळ गप्प होती आणि नंतर तिने विचारले की ते लोक कुठे गेले असतील. दहा पाठांनी जे साधले नसते ते त्या एका चित्राने साधले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही अश्शूरची कोरीव शिल्पे आहेत. जवळ असणाऱ्यांनी ती प्रत्यक्ष दाखवावीत.

तारखांची घाई

आर्चबिशप अशर यांनी 1650 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार जलप्रलय इसवी सनपूर्व 2348 मध्ये झाला. गिझाचा मोठा पिरॅमिड सर्वसाधारणपणे 2560 च्या सुमाराचा धरला जातो. ही दोन्ही वर्षे एकाच काळपट्टीवर मुकाट्याने चिकटवली की प्रलयाच्या दोनशे वर्षे आधीचा पिरॅमिड त्यातून सुखरूप उरलेला दिसतो आणि मुले तो प्रश्न आईवडिलांनी तयारी केलेली नसतानाच विचारतात. निर्गमाच्या, म्हणजे इस्राएल मिसरातून बाहेर पडल्याच्या, बाबतीतही 1 राजे 6:1 मधील 480 वर्षे धरली तर 1446 येते आणि निर्गम 1:11 मधील रामसेस नगरावरून तेरावे शतक सुचते. श्रद्धावंत अभ्यासक दोन्ही बाजूंना आहेत. अशा तारखा पेन्सिलीने लिहाव्यात आणि पक्क्या तारखांपासून मागे जावे (सगळ्या इसवी सनपूर्व): 539 मध्ये बाबेल कोरेशाच्या हाती गेले, 612 मध्ये निनवे पडले, 853 मध्ये कर्कारच्या लढाईत इस्राएलचा राजा अहाब होता असे अश्शूरचाच लेख सांगतो, आणि मिसरच्या मर्नेप्ताह राजाच्या सुमारे 1208 च्या शिलालेखात इस्राएलचे नाव आहे. गिल्गमेश या मेसोपोटेमियाच्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीवरची प्रलयकथा आठ वर्षांच्या मुलाला देण्याची घाई नको. बाराव्या-तेराव्या वर्षी ती उत्पत्तीशेजारी ठेवून वाचता येते.

आपलीच माती वगळणे

परदेशी पुस्तकात सिंधू संस्कृतीला दोन पाने मिळतात, म्हणून आपणही दोनच दिवस देतो. वास्तविक मेसोपोटेमियातील अक्कदचा राजा सारगोन आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजे लागतात असे अभिमानाने सांगतो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. मेसोपोटेमियातील ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधूकडून गेलेले तांबड्या अकीकाचे मणी सापडले आहेत, आणि अनेकजण अब्राहामाचा ऊर हाच मानतात. पुढे याच धाग्याने महाराष्ट्रात यावे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये ब्राँझचा बैलरथ मिळाला. पुणे जिल्ह्यातील इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण इसवी सनपूर्व 1600 ते 700 या काळातली आहे, म्हणजे निर्गमाची वरीलपैकी कोणतीही तारीख धरली तरी त्या वेळी घोड नदीकाठी लोक नांदत होते. सिंधू संस्कृतीच्या धर्माविषयी काय सांगावे या धास्तीने काही पालक हा विषयच टाळतात. तिची लिपी अजून वाचता आलेली नाही, एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी पुरते.

डिसेंबरात गाडे अडकले असेल तर

पाठ दुप्पट करू नका, संस्कृती कमी करा. हित्ती, फिनिशियन वगैरे एकेका आठवड्याच्या गोष्टी आधी सोडा, पारस आणि सिंधू सोडू नका. मिसर अपुरे राहिले म्हणून तेथेच थांबण्याची गरज नाही, कारण ते पुढे आपोआप भेटत राहते: शलमोनानंतर मिसरचा राजा शिशक यरुशलेमेवर चालून येतो आणि लाखीश पडते त्याच वर्षीच्या कथेत कूशाचा तिर्‍हाका येतो, जो मिसरवर राज्य करणाऱ्या कूशी घराण्यातला होता. उरलेला पिरॅमिड तेव्हा पुरा करता येतो.