हॉप्स ओळखायचे तर आधी मसाल्याचा डबा उघडा

बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं म्हणजे हॉप्स. त्यांच्यातल्या सोराची एस नावाच्या जातीचं पाकीट मी नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आई मागच्या खोलीतून ओरडली, "शेपू निवडून राहिली का गं तू? मी तर पालक आणायला सांगितला होता."

पाकिटावर इंग्रजीत 'लिंबू, डिल' असं छापलेलं होतं. पुण्याच्या एका ब्रुअरीत चार वर्षं काम करताना ते 'डिल' मी शंभरदा वाचलं असेल, पण डिल म्हणजे आपला शेपू हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. आईला ते दोन खोल्यांपलीकडून कळलं. हॉप्सच्या पाकिटांवरची वर्णनं अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या नाकांसाठी लिहिलेली असतात: ग्रेपफ्रूट, पाइन, गूजबेरी. यातलं काहीच आपण लहानपणी हुंगलेलं नाही. आपण मिरी कुटली, धणे भाजले, संत्र्याची साल डोळ्यात पिळून भावंडांना रडवलं. तेव्हा हॉप्स शिकायचे तर तिथूनच सुरुवात करा.

आधी कायद्याचं बोलते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे इथे आंबवणं कुठेही नाही. हॉप्सचा काढा आणि दुकानातून आणलेली तयार बिअर एवढ्यावर सगळं भागतं, आणि बिअरचा भाग २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच. शिवाय वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा प्रयोगाची बाटली सेवाग्रामच्या मावशीला दाखवायला नेऊ नका.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, तीही फक्त मादी वेलीची. कूळ भांगेचं. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट पूड असते, तिला लुपुलिन म्हणतात. कडूपणा आणि वास, दोन्ही या पुडीतच. वेलीला उन्हाळ्यात खूप लांब दिवस लागतात. नागपूर २१ अंश अक्षांशावर, आपला सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच संपतो. म्हणून गच्चीवर हॉप्स लावायचा बेत सोडून द्या. भारतात हिमाचलच्या लाहौल भागात ते पिकतात. बाजारात मिळतात त्या बहुतेक गोळ्या, गुरांच्या खाद्यासारख्या हिरव्या कांड्या. त्यांना पेलेट म्हणतात.

पहिल्या दिवशी पेलेटला हातही लावू नका. छोट्या वाट्या घ्या: मिरी, लवंग, धणे, गवती चहा, ताजी संत्र्याची साल, मिळाली तर कैरी. प्रत्येक गोष्ट खलबत्त्यात जराशी ठेचा, हुंगा आणि मनात येईल तो शब्द कागदावर लिहा. मी 'आजीचं कपाट' असंही लिहिलेलं आहे. हे सगळं उगाच नाही. मिरी-लवंगेत कॅरिओफिलीन नावाचं वासाचं द्रव्य असतं, तेच हॉप्सच्या तेलात असतं. धण्यांतलं लिनालूल हॉप्समध्ये आहे. आंब्यात आणि गवती चहात सापडणारं मिरसीन तर बऱ्याच अमेरिकन हॉप्सच्या तेलाचा मोठा हिस्सा असतं. म्हणजे मसाल्याच्या डब्यासमोर उभं राहून तुम्ही हॉप्सचा अर्धा अभ्यास केलेलाच असतो.

दुसऱ्या दिवशी दोन पेलेट तळहातावर घ्या, कोमट पाण्याचा एक थेंब टाका आणि अंगठ्यानं चोळा. आधी हलकेच हुंगा, मग तळहात गरम होईपर्यंत चोळून पुन्हा हुंगा. पहिल्या वासात फळं, फुलं येतात. चोळल्यावर खालचे वास वर येतात: माती, राळ, कधी कांदा-लसूण. हात चिकट होतील. साबणानं जात नाही, आधी खोबरेल लावा.

सुरुवातीला पाचच जाती घ्या. मी पहिल्या झटक्यात अकरा मागवल्या होत्या आणि तिसऱ्या वाटीनंतर मला सगळ्यातून एकच वास येऊ लागला.

साझ पहिली. चेक प्रजासत्ताकातल्या झातेत्स गावाभोवतीची ही जुनी जात. तिथला हॉप्सचा सगळा परिसर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. १८४२ मध्ये पिल्झेन या चेक शहरात जी सोनेरी बिअर जन्माला आली, तिची चव याच हॉप्सची. वास शांत: वाळलेलं गवत, किंचित मिरी, बडीशेपेच्या जवळ जाणारं काहीतरी. अल्फा आम्ल, म्हणजे हॉप्समधला कडूपणा देणारा घटक, साधारण ३ ते ४ टक्के, म्हणजे कडूपणा कमी. नवशिके 'याला वासच नाही' म्हणून पाकीट बाजूला ठेवतात. मीही ठेवलं होतं.

ईस्ट केंट गोल्डिंग इंग्लंडची. मध, ओली माती, थोडा फुलांचा भास. पहिल्या पावसानंतरच्या मातीची आठवण येते, पण मध कालवलेली. ५ टक्क्यांच्या आसपास अल्फा.

मॅग्नम जर्मनीची, अल्फा १२ ते १४ टक्के. वासाला फारसं काही नाही, आणि तेच तिचं काम. स्वच्छ कडूपणा देते आणि बाजूला होते.

कॅस्केडवर मात्र थांबा. १९७२ मध्ये ही जात अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून बाहेर पडली. तिच्या वंशात इंग्लंडची फगल आणि एक रशियन जात आहे. १९८० पासूनच्या सिएरा नेवाडा पेल एल या अमेरिकन बिअरनं हा वास जगभर नेला. वर्णनात ग्रेपफ्रूट लिहितात. माझ्या नाकाला ते पपनस वाटतं: सोललेल्या पपनसाची पांढरी जाड साल, तिचा कडवट, फुलांसारखा वास. संत्रं नक्की नाही. हा फरक समजायला कळमन्याच्या बाजारातलं एक संत्रं आणा, सालीचा तुकडा मेणबत्तीजवळ दुमडा. तेलाचा फवारा ज्योतीत चटचट पेटतो आणि गोड, तेलकट वास उठतो. तो नाकात असतानाच कॅस्केड हुंगा. कॅस्केड किती कोरडी आणि फुलांकडे झुकलेली आहे ते लगेच कळेल.

पाचवी सिट्रा. अल्फा ११ ते १५ टक्के, वास आंबा, लिची, लिंबाची साल. हिच्यासमोर बाकी सगळे गप्प होतात, म्हणून ही नेहमी शेवटी हुंगायची. माझं मत विचाराल तर सिट्राचा सगळीकडे जरा अतिरेकच झालाय. पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तीच आवडते, हेही खरं.

ही पाच नाकात बसली की पुढच्या घ्या. सिमको म्हणजे चिडाची राळ आणि पिकलेलं फळ. शेगडीत चिडाचं लाकूड पेटवलं असेल तर लगेच ओळखाल. न्यूझीलंडच्या नेल्सन सोव्हिनचं नाव सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षावरून पडलं, वासही हिरव्या द्राक्षांसारखा. सोराची एस जपानची, १९८४ ची, तिच्याबद्दल आईनं सांगितलंच आहे.

आणि मँडरिना बव्हेरिया. २०१२ मध्ये जर्मनीत आलेली ही कॅस्केडची लेक. नावातच मँडरिन, आणि आपलं नागपुरी संत्रंही मँडरिनच्याच जातकुळीतलं. नागपूरकर म्हणून मी मोठ्या आशेनं पाकीट कापलं. वास चांगला आहे, गोड आहे, पण ताज्या संत्र्यापेक्षा संत्रा बर्फीच्या जवळचा. शेजारचे काका वाटी नाकाशी धरून म्हणाले, "हे तर शाळेबाहेरच्या गोळ्यांसारखं येऊन राहिलं." त्यांचंच बरोबर असावं.

आता काढा. एकाच जातीचे एक-एक ग्रॅमचे दोन भाग करा. दागिने तोलायचा छोटा काटा असेल तर उत्तम. एक ग्रॅम २५० मिली पाण्यात वीस मिनिटं उकळा. दुसऱ्यासाठी पाणी उकळून ७५ अंशांपर्यंत निवू द्या, मग गोळी टाकून पाच मिनिटांनी गाळा. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या क्षारांनी कडूपणा घशाला खरखरतो. दोन्ही थंड करून चाखा. उकळलेला कडू, गुढीपाडव्याच्या कडुनिंबाची आठवण देणारा, आणि वासानं जवळजवळ रिकामा. न उकळलेला सुगंधी, कडू जेमतेम. गरोदर बायकांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा काढा पिऊ नये.

बिअर बनवण्याचं सगळं वेळापत्रक या दोन कपांत आहे. अल्फा आम्लं जशीच्या तशी पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळीत त्यांचं रूप बदलतं तेव्हा ती विरघळतात आणि कडू लागतात. तेलं मात्र त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात. खडा मसाला तेलात आधी पडतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसंच हे. ब्रुअरीत मॅग्नम साठ मिनिटं उकळतात. कॅस्केड शेवटच्या दहा मिनिटांत किंवा आच बंद करून टाकतात. सिट्रा बहुतेकदा बिअर आंबून झाल्यावर थंडच घालतात, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात.

कडूपणाचा हिशेब तोंडी करता येतो. २० लिटरला १२ टक्के अल्फाचा मॅग्नम २० ग्रॅम घेतला, तर अल्फा झालं २४०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला १२०. तासभराच्या उकळीत त्यातलं साधारण पाव हिस्सा कामी येतं, म्हणजे ३०. यालाच ३० आयबीयू म्हणतात, आयबीयू हे बिअरचा कडूपणा मोजायचं एकक. गव्हाची बिअर १०-१५ वर असते, आयपीए (इंडिया पेल एल) ही कडू बिअर ५०-७० वर. तेवढाच कडूपणा साडेतीन टक्क्यांच्या साझनं आणायचा तर जवळजवळ ७० ग्रॅम लागतील. मग पातेल्यात पाल्याचा लगदा उरतो आणि खिसाही रिकामा होतो. म्हणून कडूपणाला एक जात आणि वासाला दुसरी.

ड्राय हॉपिंगची चव बघायला साधी, हलकी लागर बिअर आणा. पहिल्यांदा मी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर राहिलेली बाटली उघडली आणि फनेलनं पाच ग्रॅम सिट्रा एकदम ओतली. पेलेटच्या खरखरीत भुकटीवर बिअरमधला वायू एकाच वेळी बुडबुडे धरतो, हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना शिकवलेलंही होतं. तरी हिरवा फेस ओट्यावरून उसळला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा अख्खा मे महिना ओला झाला.

तेव्हा नीट करा. बिअर रात्रभर फ्रिजमध्ये, जवळजवळ गोठण्याइतकी गार. कडीच्या झाकणाची स्वच्छ बाटली घ्या, तीही गार. बिअर कडेनं हळू ओता, वर चार बोटं जागा सोडा. बेसिनमध्ये उभी करून ६५० मिलीला दीड ग्रॅम पेलेट एकेक करून सोडा आणि झाकण लावा. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, उघडतानाही बेसिनवरच उघडा. बाटली पारदर्शक असेल तर कपड्यात गुंडाळा. प्रकाश लागला की हॉप्सच्या कडू घटकांपासून एक घाणेरडा, जळक्या रबरासारखा वास तयार होतो. तपकिरी बाटल्या त्यासाठीच असतात.

साठवणीबद्दल एवढंच: हवा, ऊन, उष्णता, तिन्ही वाईट. एकदा मी मे महिन्यात पाकीट मागवलं. कुरिअरवाल्यांच्या गोदामात ते चार दिवस पडून राहिलं, बाहेर ४५ अंश. उघडलं तर जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा वास. अल्फा आम्लं कुजली की असंच होतं, मग पाकीट फेकण्यावाचून इलाज नाही. आता मी डिसेंबर-जानेवारीतच मागवते, पिकाचं वर्ष बघून घेते, आणि उघडलेलं पाकीट हवा काढून, चिकटपट्टी लावून फ्रीझरमध्ये ठेवते. रंग हिरवा असेल तोवर ठीक, तपकिरी झाला की गेला.

घरात कुत्रा असेल तर वापरलेला लगदाही झाकून टाका, कुंडीत घालू नका. हॉप्स खाल्ल्यानं कुत्र्यांचा ताप इतका चढतो की जीव जाऊ शकतो. आमच्या गल्लीतला एक ओल्या कचऱ्यात हमखास तोंड घालतो, म्हणून मी लगदा पिशवीत बांधून थेट कचरागाडीत देते.

शेवटी स्वतःची परीक्षा घ्या. तीन सारखे कप, दोघांत एकाच जातीचा काढा, तिसऱ्यात दुसऱ्या. कपाच्या बुडाला खुणा करून कोणाला तरी फिरवायला सांगा आणि वेगळा कप ओळखा. नुसत्या अंदाजानंही तिनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून निदान सहा वेळा करा. कॅस्केड आणि मँडरिना बव्हेरिया या मायलेकींमध्ये माझे सहापैकी चार बरोबर आले. आईचे सहाच्या सहा, आणि तिनं आयुष्यात बिअर चाखलेली नाही.