सांगलीच्या उन्हाळ्यात रीफ टँक: पंप, स्किमर आणि वेव्हमेकर कसे निवडावेत

पंपाच्या खोक्यावरचा मोठा आकडा बघून खरेदी करू नका. सांगली-मिरजेकडे रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा तर दोन गोष्टी आधी धरायच्या: एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारा पारा आणि न सांगता जाणारी वीज. खालचा हिशेब ३ × १.५ × १.५ फुटांच्या टँकचा आहे. काठोकाठ भरला तर सुमारे १९० लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी उरते १५० लिटरच्या आसपास.

संपातून (टँकखाली स्टँडमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतून) वर पाणी चढवणाऱ्या रिटर्न पंपाने तासाला ६०० ते ७५० लिटर, म्हणजे टँकच्या चार-पाच पट पाणी फिरवले की पुरते. खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. स्टँडखालच्या संपापासून टँकच्या काठापर्यंत चढ साधारण १.२ मीटरचा. कमाल उंची २.५ मीटर लिहिलेला पंप तिथे निम्मेच पाणी देतो आणि नळीचा प्रत्येक एल्बो (वळणाचा जोड) त्यातले आणखी थोडे खातो. म्हणून १८०० लिटरचा पंप घ्या. शाफ्ट सिरॅमिकचा हवा; पितळ किंवा तांबे पाण्याला लागले तर कोरल मरतात.

वीज गेली की रिटर्नच्या नळीतून पाणी उलटे संपात येते. या टँकमध्ये दर सेंटिमीटरला ४ लिटर पाणी असते. नोझल (नळीचे टँकमधले तोंड) १० सेंटिमीटर बुडवले असेल तर ४० लिटर खाली येऊन फरशीवर पसरणार. नोझल पाण्याखाली एक-दोन सेंटिमीटरच ठेवा. सायफन (पाण्याचा हा उलटा ओघ) तोडायला नळीला भोक पाडतात, पण त्यात शेवाळ किंवा गोगलगाय अडकते, तेव्हा त्या एकट्यावर विसंबू नका. मासे सोडण्याआधी पंप बंद करून बघा, पाणी थांबेल तिथे संपावर खूण करा आणि खुणेच्या वर चार बोटे जागा राहील एवढेच पाणी भरा.

प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून वर काढून कपात जमवणारे यंत्र, ३०० लिटरचा घ्या, कारण त्यावरची क्षमता कमी मासे धरून लिहिलेली असते. तो संपाच्या अशा कप्प्यात ठेवा जिथे पाण्याची उंची बदलत नाही. पातळी हलली की कधी फेस वर चढत नाही, तर कधी पातळ पाणीच कपात ओतले जाते. काळ्या चहासारखे घाण वासाचे पाणी जमू लागले की स्किमर नीट बसला असे समजा. नव्याला आठ-पंधरा दिवस लागतात. २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी धुवा, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते.

अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः सच्छिद्र दगडात राहतात, म्हणून दगडात काटकसर नको. कोरडा दगड घ्या. भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी किनाऱ्यावरून आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

टँकमधला प्रवाह वेव्हमेकरचा, म्हणजे टँकच्या आतच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचा. सॉफ्ट कोरलसाठी तासाला ३००० लिटरच्या आसपास पुरे, आणि एका मोठ्यापेक्षा १५००-१५०० चे दोन बरे. समोरासमोरच्या आखूड काचांवर थोडे तिरके लावा, म्हणजे धारा मध्ये एकमेकींवर आपटून फुटतात. पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडे) सतत एकाच बाजूला झोपलेले दिसले तर जोर जास्त आहे. दगडामागे राखाडी गाळ साचला तर तिथे पाणी पोचत नाही.

वेव्हमेकर डीसी घ्या. वीज गेल्यावर ऑक्सिजन टिकवायला तोच लागतो आणि १०-१५ वॅटवर घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. एक धार पृष्ठभागाकडे वळवा. उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो.

पाणी २८ अंशांच्या वर जाऊ लागले की पृष्ठभागावर पंखा लावा. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश उतरवतो, जुलैच्या दमट हवेत फारसा नाही. मात्र रोज दोन-तीन लिटर पाणी उडते. ती भर साध्या आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याने घाला. मीठ उडत नाही, खारे पाणी घातले तर खारटपणा चढत जातो. घरच्या आरओचे पाणी चालत नाही: चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी मिसळतात आणि बोअरचे क्षार त्यातून येतात. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य दिसायला हवे.

दर दोन-तीन महिन्यांनी पंप निम्मा पांढरा व्हिनेगर, निम्मे पाणी अशा मिश्रणात तासभर बुडवून चुना काढा. रिटर्न पंपाचा एक सुटा इम्पेलर (आतले फिरते पाते) आधीच मागवून ठेवा. तो तुटतो तेव्हा कुरियरची वाट बघायला वेळ नसतो.