इंटरनेट रेडिओवर वेगळा कार्यक्रम काढताय? या चुका टाळा

‘चोवीस तास मराठी गाणी’ असं ठरवून स्टेशन काढणं, ही पहिली चूक. ती गाणी यूट्यूबवर आहेतच, त्यासाठी तुमच्याकडे कोण कशाला येईल? शिवाय परवानग्यांचा घोळ. एफएमला जो वैधानिक परवाना (हक्कदाराशी वेगळं न बोलता कायद्याने मिळणारा) मागता येतो, तो इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं. म्हणजे प्रत्येक हक्कदाराशी वेगळं बोलणं आलं.

त्यापेक्षा आठवड्यातून एकच तास घ्या, पण विषय बारीक हवा. ‘लोकसंगीत’ हा विषय नव्हे. ‘मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या’ हा विषय. एवढ्यात सामान संपेल अशी भीती नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गावोगाव एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत.

आता खरी चूक होते ती रेकॉर्डिंगला. माईक हमखास जातं आणि बाई यांच्या मध्ये ठेवला जातो. माझं पहिलं अख्खं रेकॉर्डिंग असंच गेलं: घरघर भरपूर, शब्द एकही धड नाही. कॉलर माईक पदराला लावला तर पदर घासून खरखर येते. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा आणि पंखा बंद करा. ‘जातं थांबवून नुसती ओवी म्हणा’ असं मात्र सांगू नका. हात फिरल्याशिवाय अनेकींना पुढची ओळ सुचतच नाही. मूठभर दाणे घालून जातं सावकाश फिरू द्या. ओव्या झाल्या की नुसत्या जात्याचा आवाज दोन मिनिटं वेगळा घ्या, जोडकामात उपयोगी पडतो.

आणि कळकळीने सांगतो, ओवीमागे बासरी लावू नका. ‘सदर ओवीतून स्त्रीजीवनाची व्यथा प्रतीत होते’ असलं निवेदनही नको. “आजी, ही ओवी तुम्हाला कुणी शिकवली?” एवढं विचारा आणि गप्प बसा. पुढची पाच मिनिटं तुमचा कार्यक्रम आहे. “हे रेडिओवर लावू का, तुमचं नाव सांगू का?” हेही रेकॉर्डिंग चालू असतानाच विचारून घ्या. ओवी परंपरेची असली तरी गाणारीचा तिच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो.

प्लेअरवर कार्यक्रमाच्या नावाऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतात? आइसकास्ट, म्हणजे इंटरनेटवर आवाज पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, एमपीथ्री स्ट्रीमची माहिती लॅटिन-1, म्हणजे रोमन अक्षरांची लिपी-पद्धत, धरून वाचतं. माउंटच्या (सर्व्हरवरच्या तुमच्या स्ट्रीमच्या पत्त्याच्या) सेटिंगमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 करा, देवनागरी नीट दिसेल. घरचं इंटरनेट मध्येच जातं? फॉलबॅक, म्हणजे राखीव, माउंट ठेवा, म्हणजे जोडणी तुटली तरी राखीव आवाज चालू राहतो. नाहीतर श्रोत्याचा प्लेअर थांबतो, आणि थांबलेला प्लेअर सहसा कुणी परत लावत नाही. नुसत्या बोलण्याला 128 केबीपीएस (सेकंदाला 128 किलोबिट) कशाला? त्यात माणशी तासाला 57 एमबीच्या आसपास डेटा जातो. एएसी या ध्वनी-प्रकारात, मोनोमध्ये (एकाच चॅनलवर), 64 पुरतं, खर्च निम्मा.

परदेशातल्या श्रोत्यांना नुसतं ‘रात्री साडेआठ’ सांगू नका. आपले साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की दहा. त्या आठवड्यात आठवण करून दिली नाही, तर माणसं तासभर उशिरा येतात आणि कार्यक्रम संपलेला असतो.

शेवटची चूक म्हणजे दोन भाग हातात असताना सुरुवात करणं. निदान आठ तयार ठेवा, आणि तेही मे संपायच्या आत. पाऊस पडून भातलावणी सुरू झाली की आजी दिवसभर खाचरात असते, संध्याकाळी पाठ टेकायला बघते. तिच्यापुढे माईक धरायची ती वेळ नव्हे.