रुंद फळी हाताने चिरताना या चुका टाळा

आठ-दहा इंच रुंदीची कठीण लाकडाची फळी जाडीतून चिरून दोन पातळ फळ्या करायला घेतली की काप तिरका जातो आणि दोष हाताला दिला जातो. माझं म्हणणं, आधी करवत तपासा. बोथट करवतीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की पातं लाकडाच्या आत वाकतं. बाहेरून रेघ बरोबर दिसते, पण फळी वेगळी झाल्यावर कळतं की मधोमध एका बाजूला फुगवटा आहे आणि दुसऱ्या बाजूला खड्डा.

बारीक दात्यांची करवत घेणं

बारीक दाते म्हणजे सफाईदार काप, हा समज इथे नडतो. रुंद फळीत प्रत्येक दाता बराच वेळ लाकडाच्या आत असतो आणि तेवढा सगळा भुसा दोन दात्यांमधल्या खाचेत मावावा लागतो. इंचाला दहा दाते असतील तर खाच मध्येच भरते आणि करवत नुसती घसरत राहते. इंचाला चार-पाच दात्यांची, उभं म्हणजे तंतूंच्या दिशेने चिरण्यासाठी धार लावलेली लांब करवत घ्या.

एकाच बाजूने कापत जाणं

रंध्याने सपाट केलेल्या एकाच तोंडावरून (रुंद बाजूवरून) मार्किंग गेज, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेघ ओढणारं हत्यार, चारही कडांवर फिरवा. दोन्ही तोंडांवरून खूण केली आणि जाडी सारखी नसली, तर दोन वेगळ्या रेघा मिळतात. सुरुवात कोपऱ्यावर करा, म्हणजे वरची आणि समोरची अशा दोन रेघा एकदम नजरेत राहतात. थोडं तिरकं खाली गेलात की फळी फिरवा आणि दुसऱ्या कोपऱ्यावरून तेच करा. करवत नेहमी न दिसणाऱ्या बाजूला भरकटते, म्हणून ती बाजू फार वेळ नजरेआड ठेवू नका. फिरवण्याचा कंटाळा हेच बहुतेक वाकड्या कापांचं कारण असतं.

काप एकाच अंगाला ओढला जातो?

सरळ तंतूंच्या टाकाऊ तुकड्यावर, मूठ सैल धरून, करवतीला तिच्या वजनावर चालू द्या. तरीही ती एकीकडेच गेली, तर त्या बाजूच्या दात्यांचा सेट (दात्यांना आळीपाळीने दोन्ही बाजूंना दिलेला बाक) जास्त आहे. पातं आडवं ठेवून त्याच बाजूच्या दात्यांवरून बारीक तेलदगड अगदी हलका, एकदाच फिरवा आणि पुन्हा कापून बघा. करवत अडकते म्हणून लगेच सेट वाढवू नका. काप पात्याच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट असला की पुरे. त्याहून रुंद काप म्हणजे जास्त मेहनत आणि आत डुलणारी करवत. लाकूडच मिटत असेल तर कापात पातळ पाचर सरकवा (ठोकू नका, फळी फाटेल) आणि पात्याला मेण लावा.

धार लावतानाच्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट त्रिकोणी कानस हातात घेणं. आधी सपाट कानस दात्यांच्या टोकांवरून लांबीने फिरवून सगळे एका पातळीत आणा. टोकांवर चमकदार ठिपके उठतील. मग सेट, मग त्रिकोणी कानस. प्रत्येक दात्याला मोजून सारखेच फटके मारण्याचा सल्ला अपुरा आहे, कारण ठिपके लहानमोठे असतात. ठिपका नाहीसा झाला की त्याच क्षणी थांबा, नाहीतर तो दाता बाकीच्यांपेक्षा खुजा होईल. कानस पुढे जातानाच दाबा, मागे येताना उचला. ती किंचाळत असेल तर पातं शिकंज्यात जास्त वर राहिलंय. खाचांचा तळ जबड्यापासून जेमतेम पाच मिलिमीटर वर ठेवा.

धार गेली का, हे उजेडात बघा: धारदार टोक चमकत नाही, बोथट टोक चमकतं. सागात सिलिका असते, त्यामुळे तिथे ही तपासणी लवकर-लवकर करा. टोकं निळसर काळी असलेल्या करवतीचे दाते कडक केलेले असतात. त्यांना धार लावायला जाल तर कानस वाया जाईल.

चिरल्याबरोबर रंधा मारणं

फळीचा गाभा पृष्ठभागापेक्षा ओलसर असू शकतो आणि आतला ताणही चिरल्यावर मोकळा होतो, म्हणून नव्या फळ्या पहिल्या काही दिवसांत वाकतात. दोन्ही तोंडांना सारखी हवा लागेल अशा बेताने मध्ये पट्ट्या घालून, वर वजन ठेवून त्या राहू द्या. मापापेक्षा थोडी जास्त जाडी आधीच धरली असेल, तर उरलेला बाक नंतर रंध्याने काढता येतो.