अंगठा लावण्याआधी

नांदेडला एमएस्सी करताना माझ्या प्रकल्पाचा विषय होता बोटांचे ठसे. रेषा जिथं संपतात, जिथं फुटतात, त्या बिंदूंवरून यंत्र माणूस ओळखतं. पण कापूस वेचून माझ्या मावशीच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्यात. ती पदरानं बोट पुसते, पुन्हा लावते. याच गडबडीत अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या एका माणसानं ‘लागला नाही’ म्हणत तिच्या आधार जोडलेल्या खात्यातून पैसे दोनदा काढले.

तेव्हापासून सेलू-जिंतूरकडच्या बचत गटांत मी हे शिकवते.

आधी आधारला तुमचाच मोबाइल नंबर जोडलाय का ते बघा, कारण पुढचं सगळं ओटीपीवर चालतं. मग आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे ठशांना कुलूप लावा. कुलूप लागलं की तुमच्या अंगठ्यानं कुणालाच पैसे काढता येत नाहीत, ओटीपी मात्र चालतो. रेशन घ्यायला जाताना ते आठवणीनं उघडा, नाहीतर दुकानातून हात हलवत परत यावं लागेल.

‘लागला नाही’ म्हटलं तरी पावती मागाच, व्यवहार फसल्याचीही पावती निघते. ती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका.

झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधारची द्या, त्यावर शेवटचे 4 आकडेच दिसतात.

आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 नंबर लावा. मावशीनं आठ दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं.