कोकणातील अनेक बांधकामे एकत्र सांभाळताना : मृगापासून मागे मोजणी

कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक ठिकाणी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि परतीच्या सरी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतात. अशा मुलखात दोन-तीन तालुक्यांतील रस्ते, पूल आणि पाणीयोजना एकाच वेळी हाताळायच्या असतील, तर कार्यारंभ आदेशाच्या तारखेवर भिस्त न ठेवता ७ जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृगापासून मागे मोजत वेळापत्रक आखावे. कागदावर साडेसात महिने मिळतात. त्यांतून भातकापणी, दिवाळी आणि शिमगा वजा केल्यास सहाच धरलेले बरे, कारण त्या दिवसांत स्थानिक मजूर साइटवर येत नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही करू नये.

प्रत्येक कामाचा सुरक्षित टप्पा, म्हणजे पाऊस लागला तरी झालेले काम वाया जाणार नाही अशी अवस्था, आधी ठरवावी. पुलाचा पाया नदीचे पाणी उतरताच हाती घ्यावा व खांब पूररेषेच्या वर नेल्याशिवाय ती तुकडी दुसरीकडे हलवू नये. महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा पूल ५ जून २०१७ रोजी, म्हणजे मृगाच्या तोंडावर, खुला झाला. एका कामावर सगळी यंत्रणा एकवटली की हे साधते, मात्र दहा कामांत विभागलेल्या यंत्रणेकडून तसा वेग गृहीत धरू नये.

सर्वाधिक लक्ष घाटरस्त्याकडे द्यावे. एप्रिलच्या मध्यानंतर नवा डोंगर कापायला घेऊ नये, कारण उघडी पडलेली जांभ्याची माती पाणी पिऊन जड व ढिली होते आणि दरड सुटते. कापलेल्या उताराच्या माथ्यावर पाणी अडवून बाजूला काढणारा चर, रस्त्याकडेची गटारे आणि मोऱ्यांची तोंडे मेच्या मध्यापर्यंत पूर्ण व्हावीत, मग डांबरीकरण मागे राहिले तरी चालेल. बहुतेक बैठकांत नेमका उलटा आग्रह धरला जातो, कारण डांबर फोटोत दिसते आणि चर दिसत नाही.

पेव्हर, म्हणजे डांबरी थर पसरणारे यंत्र, एकच असेल तर तो कामागणिक न फिरवता एका मार्गावरील सर्व कामे सलग उरकावीत. थर टाकण्यापूर्वी फवारलेले इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले डांबर, तपकिरी असेपर्यंत थांबावे. त्यातील पाणी निघून ते काळे पडले की मगच माल ओतावा. वळवाच्या सरीनंतर तर हे हमखास पाहावे. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. दमट गोदामात त्याचे खडे होतात.

पावसाळ्यात भूसंपादन, वनखात्याची परवानगी, माती परीक्षण आणि संकल्पचित्रांची मंजुरी मार्गी लावावी. निविदा ऑगस्टमध्ये निघाली, तरच कंत्राटदार दसऱ्यानंतर लगेच खोदाईला लागू शकतो.